शंकरशेटांची नाटकशाळा : घर कोणाचे, भाषा कोणाची?

नाटकाचा आश्रयदाता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजा उभा राहतो. मराठीत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन, उर्दूत लखनौचे वाजिद अली शाह. दोन्ही भाषांतले रंगभूमीचे इतिहास दरबारातून निघतात आणि बाजारात पोहोचले की नाक मुरडू लागतात. उर्दू समीक्षकाने 'बाजारी' म्हणायचे आणि मराठी समीक्षकाने 'पारशी वळणाचे' म्हणायचे, एवढाच काय तो फरक. या नाक मुरडण्यात एक माणूस दोन्हीकडून निसटला आहे. तो राजा नव्हता, नवाब नव्हता. तो मुंबईचा व्यापारी होता. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना.

नानांचे नाव कोणाला ठाऊक नाही, असे आम्हांला म्हणायचे नाही. शाळेत संस्कृत घेऊन पहिला येणाऱ्या मुलाच्या तोंडी त्यांच्या शिष्यवृत्तीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, 1852 ची बॉम्बे असोसिएशन, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली आगगाडी, अशी कर्तृत्वाची यादी त्यांच्या कोणत्याही चरित्रलेखात मिळते. त्या यादीत कुठेतरी शेवटी 'ग्रँट रोडवरील नाटकगृहास जागा दिली' असे एक वाक्य असते. चरित्रकार ते लिहितो आणि पुढच्या कामाकडे वळतो. आमचे सगळे भांडण त्या एका वाक्याशी आहे. ते खोटे नाही, पण त्याच्या पोटात जे आहे ते कोणी उघडून पाहिले नाही, ना मराठीत, ना उर्दूत.

आधी त्या घराची हकीकत. इंग्रजांनी मुंबईत 1776 साली बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, वर्गणी काढून एक नाटकगृह बांधले होते. साहेबलोकांनी हौसेने नाटके करायची, साहेबलोकांनीच बघायची. हौसेचे जे व्हायचे ते झाले. कर्ज वाढले आणि 1835 साली इमारत लिलावात निघाली. ती घेतली सर जमशेटजी जिजीभाईंनी. कर्ज फिटून जी रक्कम उरली ती सरकारी तिजोरीत पडून राहिली. पुढे नवे नाटकगृह हवे म्हणून अर्ज झाले आणि त्यांवर गोऱ्यांबरोबर देशी सह्याही होत्या. जागा दिली नानांनी, तीही किल्ल्यात नव्हे तर गावाबाहेर नव्याने निघालेल्या ग्रँट रोडवर. 1846 साली ते घर उघडले.

इथे थोडे थांबू. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा हा रस्ता तेव्हा किल्ल्यापासून लांब, काळ्या वस्तीच्या पलीकडे होता. नाटक बघायला साहेबाला संध्याकाळी बग्गी जुंपून अख्खी देशी वस्ती ओलांडावी लागे. त्याची कुरकूर सुरू झाली. काही वर्षांतच गोरे प्रेक्षक रोडावले आणि घर रिकामे राहू लागले. आता इंग्रजांसाठी बांधलेले नाटकगृह इंग्रजांना गैरसोयीच्या जागी का बांधले गेले? जागा तिथे मिळाली म्हणून, हे साधे उत्तर. नव्या रस्त्यावर नाटकगृह आले की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही, हे दुसरे उत्तर. दुसरे उत्तर हा आमचा तर्क आहे. तो खरा असला तरी नानांचे काही कमी होत नाही. चरित्रकारांना दाता निःस्वार्थी लागतो. आम्हांला लागत नाही. राजा नाटक पोसतो त्यात कीर्तीचा हिशेब असतोच. व्यापाऱ्याने जमिनीचा केला तर त्यात बिघडले काय?

लोक त्या घराला 'शंकरशेटची नाटकशाळा' म्हणू लागले. शब्दाची गंमत पाहा. पेशवाईच्या कागदांत 'नाटकशाळा' म्हणजे घर नव्हे, बाई. ठेवलेली नाचणारी स्त्री. मोल्सवर्थच्या कोशातही तो अर्थ सापडतो. धन्याच्या वाड्यात, धन्याच्या मर्जीवर जगणारी कला असा ज्या शब्दाचा अर्थ होता, तोच शब्द मुंबईत तिकीट काढून कोणीही शिरावे अशा इमारतीला चिकटला. आश्रयाची पद्धत कशी पालटली हे सांगायला इतका बोलका पुरावा दुसरा नसेल. पण तो आमच्या कोणत्याही रंगभूमीच्या इतिहासात आम्हांला वापरलेला दिसला नाही.

आता सांगलीकडे वळू. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली राजाज्ञेने 'सीतास्वयंवर' केले. तिथून मराठी रंगभूमीचा जन्म मोजतात, आणि मोजावा. पण त्या आश्रयाचे आयुष्य किती? चिंतामणराव 1851 साली वारले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. 1853 साली ते मुंबईला आले आणि त्यांचे खेळ नानांच्या नाटकशाळेत झाले. लखनौचीही तीच कथा. वाजिद अली शाह स्वतः रहस लिहीत, बसवीत, त्यावर पाण्यासारखा पैसा ओतीत. 1856 साली गादी गेली आणि दरबारी रंगमंच संपला. अमानतची 'इंदरसभा' मात्र राहिली. का राहिली? मसूद हसन रिझवी यांनी दरबारी रंगमंचावर एक आणि लोकांच्या रंगमंचावर एक अशी दोन पुस्तके लिहून दाखवून दिले आहे की अमानतने ती दरबारासाठी लिहिलीच नव्हती. शाही हुकमावरून इंदरसभा झाली ही दंतकथा आमच्याकडे अजून वर्गावर्गांतून सांगितली जाते. रिझवींनी ती निकालात काढून साठाहून अधिक वर्षे झाली, पण पाठ्यपुस्तकांना दरबाराचा मोह सुटत नाही.

राजाचा आश्रय राजाच्या श्वासाबरोबर जातो. नानांचे तसे झाले नाही. नाना 1865 साली गेले. त्यांच्या मागे घर राहिले, रस्ता राहिला, आणि त्या रस्त्यावर जे खरे घडायचे ते त्यांच्या पश्चात घडले.

काय घडले ते क्रमाने सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एका दमात घडलेले नाही. 1853 हे साल तेवढे ध्यानात ठेवावे. एप्रिलात आगगाडी सुटली. त्याच वर्षी भाव्यांची मंडळी ग्रँट रोडवर खेळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने त्याच घरात रुस्तम आणि सोहराबचे नाटक गुजरातीत केले. म्हणजे शाहनाम्याची कथा, पारशी नट, गुजराती बोली, आणि घर एका दैवज्ञ सोनाराचे. त्या पारशी मंडळीच्या पाठीराख्यांत दादाभाई नौरोजींबरोबर डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव येते. भाव्यांच्या मंडळीनेही त्याच सुमारास गोपीचंदाचे आख्यान हिंदुस्थानीत केले. पारशी मंडळ्या मुख्य नाटक आटोपल्यावर हिंदुस्थानीत फार्स करीत. हिंदुस्थानी त्या घरात अशी मागच्या दाराने आली, हसवायला. घराच्या मालकाने तिला बोलावले नव्हते आणि अडवलेही नाही.

अडवले नाही, हे आम्ही मुद्दाम म्हणतो. नानांचा भाषेविषयीचा विचार आपल्याला माहीत आहे. बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये 1847 साली मोठा वाद झाला. सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे शिक्षण इंग्रजीतून द्यावे. नानांनी लेखी विरोध केला : सामान्य लोकांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्या भाषेतूनच नेली पाहिजे. त्यांच्या बाजूने उभे राहिले फ्रामजी कावसजी आणि मुहंमद इब्राहिम मकबा. एक सोनार, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. मकबांची ओळख आज आपल्याच लोकांना राहिलेली नाही. त्यांनी 1823 साली मुंबईत 'तुहफा-ए-एल्फिन्स्टन' हे हिंदुस्थानीचे व्याकरण लिहिले होते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मातृभाषेतून शिक्षण हा विषय आमच्याकडे दर जून महिन्यात पटसंख्येच्या निमित्ताने निघतो. तेव्हा कधी कोणी या तिघांचे नाव घेतलेले आम्ही ऐकले नाही. नानांनी उर्दूसाठी भांडण केले असा दावा आम्ही करीत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे मराठी-गुजराती शाळा होत्या. पण एका भाषेचा हट्ट साऱ्यांवर लादू नये ही त्यांची वृत्ती होती. ती शाळेत दिसते, तशी नाटकशाळेतही दिसते.

नाना वारल्यावर तीन वर्षांनी, 1868 साली, कैखुश्रू काबराजींनी व्हिक्टोरिया नाटक मंडळी काढली. दादी पटेल तिचे पुढचे कर्तेकरविते. ग्रँट रोडवर त्यांनी व्हिक्टोरिया थिएटर नावाचे दुसरे नाटकगृह बांधले. 1871 साली 'सोने के मोल की खुर्शेद' हे नाटक उर्दूत आले. मूळ एदलजी खोरींचे गुजराती, भाषांतर बेहरामजी फर्दुनजी मर्झबान यांचे. पुढच्याच वर्षी नसरवानजी मेहरवानजी 'आराम' यांनी मीर हसनच्या मसनवीवरून 'बेनझीर बद्रेमुनीर' रचले, तेही सगळे गाण्यात. उर्दू रंगभूमीची ही पायाभरणी. मूळ लेखक पारशी, भाषांतरकार पारशी, कवी पारशी, नट पारशी, आणि भाषा आमची. की त्यांचीही? या प्रश्नाला उत्तर देण्याचे धाडस आमच्या इतिहासकारांनी केलेले नाही. ते आरामला वगळून थेट 'रौनक' बनारसी, 'झरीफ' आणि मग आगा हश्र यांच्याकडे धावतात, म्हणजे आपल्या ओळखीच्या नावांकडे.

पण उर्दूच का? दादी पटेलांनी काही उर्दूच्या प्रेमाखातर हे केले नाही. गुजराती समजणारा प्रेक्षक ठरावीक. मराठी समजणारा ठरावीक. मुंबईच्या बंदरात, गिरणीत, बाजारात सगळ्यांना कळेल अशी बोली हिंदुस्थानी. आणि मंडळीला मुंबईबाहेर जायचे होते. इथे नानांच्या चरित्रातली दोन सुटी वाक्ये एकमेकांना येऊन मिळतात, आणि चरित्रकारांनी हेच पाहिलेले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत नाना होते. हीच रेल्वे वाढत वाढत 1870 साली जबलपूरमार्गे मुंबईला कलकत्त्याशी जोडून गेली. 1871 साली उर्दू नाटक. 1872 साली व्हिक्टोरिया मंडळी सालारजंगांच्या बोलावण्यावरून हैदराबादला. पुढे दिल्ली, लखनौ, बनारस, कलकत्ता. पडदे, पेट्या, नट, वादक, सगळे आगगाडीत घालून. गुजराती नाटक घेऊन लखनौला कोण जाणार होते? रूळ पडले म्हणून भाषा बदलावी लागली. रूळ टाकणाऱ्यांत जो होता, तोच ग्रँट रोडवरच्या पहिल्या नाटकघराची जागा देणाराही होता. नानांना हे दिसत होते असे आम्ही म्हणणार नाही. ते 1865 सालीच गेले. व्यापारी मालाची वखार बांधतो, आत पुढच्या हंगामात कोणता माल येईल हे तो सांगू शकत नाही.

हैदराबादची सफर इथे आणखी एका कारणाने महत्त्वाची. दरबाराने बोलावले, मंडळी गेली, मानमरातब घेतला आणि परत तिकीटखिडकीवर आली. सांगलीत नाटक दरबाराचे नोकर होते. हैदराबादेत ते पाहुणे होते. तीस वर्षांत एवढा फरक पडला. तो दरबाराच्या औदार्याने पडला नाही. मुंबईत परत जायला घर होते म्हणून पडला.

संगीताची बाजूही याच गल्लीतून जाते. काबराजींनीच 1870 साली गायन उत्तेजक मंडळी काढली. पारशी कुटुंबांना हिंदुस्थानी संगीताची गोडी लागावी हा तिचा हेतू. पंडित भातखंडे 1884 साली या मंडळीत आले. संगीताच्या शास्त्राची पुढे त्यांनी जी मांडणी केली तिच्या मागे उस्तादांच्या चिजा आहेत, तशी ही वर्गणीवर चाललेली व्यापारी-वकिलांची मंडळीही आहे. यावर स्वतंत्र लेख हवा, इथे एवढेच.

पुस्तकांविषयी बोलायचे तर उर्दूत डॉ. अब्दुल अलीम नामी यांचे 'उर्दू थिएटर' हे अनेक खंडांचे काम आहे. नामी संग्राहक वृत्तीचे. जे मिळाले ते त्यांनी साठवले, आणि त्यांच्यावाचून आज आम्ही आंधळे असतो. पण त्यांना उर्दू रंगभूमीचे मूळ शक्य तितके मागे न्यायची घाई आहे. त्या घाईत मुंबईच्या मातीत काय वेगळे होते हा प्रश्न हातचा जातो. हिंदीत सोमनाथ गुप्त यांचा पारसी थिएटरवरचा ग्रंथ आहे. नावे, मंडळ्या, नाटकगृहे यांचा खजिनाच. तो वाचताना मात्र वहीखाते वाचल्यासारखे वाटते. कॅथरिन हॅन्सन यांनी 2005 साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले. नाटकगृहांच्या जागा आणि प्रेक्षकांची वस्ती यांचा संबंध त्यांनी आपल्या लेखनात उलगडून दाखवला आहे. आम्हांला या विषयाकडे वळवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. आणि मराठीत? आप्पाजी विष्णु कुलकर्ण्यांच्या 1903 च्या 'मराठी रंगभूमि'पासून बनहट्ट्यांच्या 1957 च्या इतिहासापर्यंत मोठी परंपरा आहे, आणि तिचा आम्हांला आदर आहे. पण सांगली, मुंबई, पुणे असा जो राजमार्ग या परंपरेने आखून दिला, त्याच्या कडेला उभे असलेले उर्दू-गुजराती नाटक तिला शेजाऱ्याचे वाटते. एकाच घरात तीन भाषांचे बिऱ्हाड होते, ही गोष्ट तिच्या हिशेबात बसत नाही. नानांवर गंगाधर गाडगीळांनी 'प्रारंभ' ही कादंबरीही लिहिली, म्हणजे मराठीला नानांचा विसर पडलेला नाही. त्यांच्या नाटकघरात पुढे कोण राहिले, याची चौकशी तेवढी राहून गेली.

या घराची सगळीच महती गावी असे नाही. तिकिटाच्या पैशावर उभी राहिलेली कला तिकीट घेणाऱ्याच्या तालावर नाचते. पऱ्या आकाशातून उतरल्या पाहिजेत, पडदा फाटून आग निघाली पाहिजे, गाणे दर दहा मिनिटांनी झाले पाहिजे. नाटक लिहिणारा मुन्शी पगारी. मालकाने सांगितले की जुन्या नाटकाला नवी गाणी जोडायची, दुसऱ्या मंडळीच्या नाटकाचे नाव बदलून द्यायचे. दरबारात शायराला निदान खिलत मिळे. इथे महिन्याचा हिशेब चुकता झाला की मुन्शीचा नाटकावरचा हक्क संपला. उर्दू समीक्षकांनी या साहित्याला कमअस्सल ठरवले ते अगदीच अकारण नाही. आमची तक्रार वेगळी आहे. कमअस्सल ठरवण्यासाठी तरी ते वाचावे लागते, आणि ते न वाचताच ठरवले गेले. व्यापारी आश्रयाचे गुणदोष मोजायचे तर दरबारी आश्रयाच्याच काट्याने मोजून चालणार नाही. दरबारी आश्रयात एक रसिक खूश झाला की पुरे होते. ग्रँट रोडवर पिटात बसलेला खलाशी आणि वरच्या पेटीत बसलेला शेठ या दोघांना एकाच रात्री धरून ठेवायचे होते. त्यातून जी भाषा घडली, फारसीचा फुलोरा कमी आणि बोलीचा ठसका जास्त, ती पुढे बोलपटाने जशीच्या तशी उचलली.

आता मराठी वाचक म्हणेल, हे सगळे उर्दूचे झाले, आमचे काय? त्याने 1880 साल आठवावे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचा 'इंदरसभे'चा खेळ पाहिला आणि मराठीत असे संगीत नाटक का होऊ नये म्हणून 'शाकुंतल' हाती घेतले, ही हकीकत संगीत रंगभूमीच्या इतिहासात सर्रास सांगितली जाते. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात 'संगीत शाकुंतल' झाले. हकीकत सांगणारे 'पारशी मंडळीचे नाटक' असे म्हणून थांबतात. त्या नाटकाची भाषा उर्दू होती, कवी लखनौचा अमानत होता, आणि ते करणाऱ्या मंडळ्या ज्या वस्तीत वाढल्या तिथे पहिले नाटकघर शंकरशेटांचे होते, ही तीन वाक्ये पुढे जोडायला जागा फारशी लागत नाही. ती जोडली की मराठी संगीत नाटकाची वंशावळ सांगलीला जाते तशी ग्रँट रोडलाही जाते. हरिदासी कीर्तन, यक्षगान, लावणी ही मुळे आम्ही नाकारीत नाही. पण घरात राहिलेल्या सगळ्यांची नावे मांडायची तर उर्दूचे नाव पुसून चालणार नाही.

आणखी एक तारीख सांगतो. 8 जुलै 1921. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्या रात्री कसे गायले याच्या आख्यायिका मराठी घरांत अजून सांगतात. प्रयोग झाला बालीवाला थिएटरात, त्याच ग्रँट रोडच्या परिसरात. त्या नाटकगृहाला ज्यांचे नाव होते ते खुर्शेदजी बालीवाला व्हिक्टोरिया मंडळीचे नट आणि पुढे तिचे मालक. त्यांची कारकीर्द मुख्यतः उर्दू नाटकांत गेली होती.